ओतूरची समाधी आणि नगरचा कवी

ओतूरला मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. जवळच कपर्दिकेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारी तिथल्या तांदळाच्या पिंडी पाहायला लांबून माणसं येतात आणि समाधीपुढेही डोकं टेकतात. बाबाजी म्हणजे तुकोबांचे गुरू. गुरुशिष्यांची भेट झाली ती स्वप्नात, आणि तुकोबांनी ती स्वतःच अभंगात नोंदवून ठेवली आहे. वाटेत गुरू भेटले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जेवणासाठी पावशेर तूप मागितलं, पण स्वप्नाच्या भरात ते द्यायचं राहून गेलं. गुरूंनी आपली परंपरा सांगितली, ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. तिथीही अभंगात आहे: माघ शुद्ध दशमी, गुरुवार.

या समाधीपासून पूर्वेला निघालेला रस्ता आळेफाटा, आळे, बेल्हे ओलांडून थेट नगरला जातो. तुकोबांनंतर अडीचशे वर्षांनी त्या नगरात एक ख्रिस्ती कवी राहत होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं तो उघडपणे सांगे. त्याचं नाव नारायण वामन टिळक. या वाक्याचा मी जितका विचार करतो तितका थक्क होतो. ओतूरच्या समाधीतल्या गुरूने देहूच्या वाण्याला जे दिलं, ते वाहत वाहत एका कोकणस्थ ब्राह्मणाला गालिलच्या सुताराकडे घेऊन गेलं. हे झालं कसं? आणि तिथे पोचल्यावर त्याला जे समाधान मिळालं, ते नेमकं कशाचं होतं?

टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. स्वभाव अस्वस्थ. एका गावात, एका नोकरीत हा माणूस टिकत नसे. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. तीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई. त्या पुस्तकात नवऱ्याच्या घर सोडून निघून जाण्याच्या कितीतरी हकिकती आहेत. देशाचं भलं कोणत्या धर्माने होईल, देव खरा कसा आहे, माणसामाणसांत ही जात कुठून आली, असले प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. अशाच दिवसांत नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. उतरताना त्यांनी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळक पुस्तक वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

डोंगरावरच्या प्रवचनात एवढं काय आहे? मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाच ते सात हे तीन अध्याय, तासाभरात वाचून होतात. त्यातल्या सहाव्या अध्यायात येशू उद्याच्या काळजीविषयी बोलतो. आकाशातल्या पाखरांकडे पाहा, रानातल्या फुलांकडे पाहा, असं सांगतो. हे ऐकायला बसलेली माणसं कोण होती हे ध्यानात घेतलं, तरच त्या बोलण्याचं वजन कळतं. गालिलमधले कोळी, कूळ म्हणून राबणारे शेतकरी, सकाळी बाजारात उभं राहून कोणी कामाला बोलावतंय का याची वाट पाहणारे रोजंदार. वर रोमचा कर, हेरोदाचा कर, देवळाचा कर. पोट भरलेल्यांना दिलेला विसाव्याचा सल्ला हा नव्हे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन पहाटे पोचलेल्या, दर अर्ध्यावर आलेला ऐकून खाली बसलेल्या शेतकऱ्याशी बोलावं, तसं ते बोलणं आहे.

त्याच प्रवचनात येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली आणि तिच्यात मागणी ठेवली एका दिवसाच्या भाकरीची. साठ्याची नाही, वर्षाच्या बेगमीची नाही. यामागे यहुदी लोकांची फार जुनी आठवण आहे. मिसरच्या गुलामीतून सुटून रानात भटकताना त्यांना आकाशातून मान्ना मिळे. तो ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. जास्त भरून ठेवला तर सकाळी त्यात किडे पडलेले दिसत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती, आणि तेव्हा तो नासत नसे. चाळीस वर्षं एका अख्ख्या समाजाला हा धडा रोज गिरवावा लागला, अशी निर्गम पुस्तकाची कथा सांगते. मला यातली शिकवण्याची पद्धत विलक्षण वाटते. समाधानावर प्रवचन नाही. टोपली घेऊन पहाटे बाहेर पडायचं, पुरेसं घ्यायचं, परत यायचं, आणि उद्याही तो देणारा असेल एवढं धरून झोपायचं.

संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र तर कैदेतलं आहे. त्या काळच्या रोमन कैद्याला खाणंपिणं, पांघरूण हे सगळं बाहेरच्या माणसांनी पुरवावं लागे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत धाडली. तो बिचारा या कामात मरणाच्या दारी जाऊन आला. या मदतीचे आभार मानताना पौल लिहितो की भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही परीने कसं राहायचं हे मी शिकलो आहे. त्याने ‘शिकलो’ म्हणावं, याचा मला फार आधार वाटतो. ते जन्मतः नव्हतं, दिमिष्काच्या वाटेवर दर्शन झालं त्या क्षणीही आयतं हातात पडलं नव्हतं. फटके, बुडालेली जहाजं, उपास, तुरुंग यांतून गेल्यावर म्हातारपणाकडे झुकलेला माणूस हे म्हणतो आहे.

पण या सगळ्याच्या तळाशी जी गोष्ट आहे, ती मला सापडली १३१व्या स्तोत्रात. जेमतेम तीन ओळींचं, फारसं कुणाला पाठ नसलेलं स्तोत्र. त्यात कवी म्हणतो की माझा जीव आईजवळच्या, दूध तुटलेल्या मुलासारखा शांत झाला आहे. तान्ह्या मुलासारखा तो म्हणत नाही, आणि सगळं मर्म या निवडीत आहे. तान्हं मूल आईच्या कुशीत येतं ते दुधासाठी. वास आला की धडपडतं, मिळालं नाही की रडतं. अंगावरचं तुटलेलं मूल कुशीत शिरतं तेव्हा त्याला काही प्यायचं नसतं. त्याला आई हवी असते. ख्रिस्ती श्रद्धा ज्याला समाधान म्हणते ते हे. देणगी मिळाली म्हणून आलेली तृप्ती वेगळी, आणि देणगी मिळो न मिळो, देणारा जवळ आहे म्हणून आलेली शांतता वेगळी.

आता तुकोबांकडे परत पाहावं. १६३०च्या भयानक दुष्काळात त्यांची बायको गेली, मूल गेलं, वाण्याचा धंदा बुडाला. त्या माणसाने कर्जखतं इंद्रायणीत सोडली आणि पुढे अनंताने ठेवलं तसं राहावं, मनात समाधान असावं असा अभंग रचला. तो आज घरोघरी माहीत आहे. विठ्ठलाला तुकोबांनी आई म्हणून किती वेळा हाक मारली असेल! टिळक ज्या पुलाविषयी बोलत, त्याची कमान मला इथे दिसते. वारकऱ्यांच्या घरात आणि कीर्तनात वाढलेल्या मराठी मनाला देवाशी आईसारखं बोलायची सवय होती. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं ते युरोपातल्या पंडितांकडून शिकून नव्हे. त्यांच्या कानात ते आधीपासूनच वाजत होतं.

मराठीत ख्रिस्ताची कथा आणण्याचं हे काम टिळकांच्याही आधी झालं होतं, आणि त्याची एक खूणही ओतूरच्याच जुन्नर तालुक्यात दाखवता येते. ओतूरहून नगरला जाणाऱ्या त्याच रस्त्यावरच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा इथे विसावला अशी आख्यायिका. ज्ञानदेवांनी मराठीला जी ओवी देऊन ठेवली, ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाच्या हाती पडली. तो १५७९ साली गोव्यात उतरला, मराठी आणि कोकणी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ त्याने रचलं. ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्या प्रांतातली देवळं तोवर पाडली गेली होती, पुराणं वाचायला बंदी होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी पाद्र्याकडे मागणं केलं की आम्हाला वाचायला-ऐकायला आमच्या रीतीचं काहीतरी द्या, ही हकिकत पुराणाच्या आरंभीच येते. त्या मागणीतलं दुःख नजरेआड करून ‘क्रिस्तपुराणा’चं नुसतं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. सत्तेने ज्यांच्या तोंडचं गाणं हिरावून घेतलं, त्यांना गाण्यावाचून देव भेटत नव्हता. आणि त्याच सत्तेबरोबर आलेल्या एका पाद्र्याला ते कळलं.

ख्रिस्ती खुणा या भागात दुसऱ्या वाटेनेही आल्या. आंबेगावच्या बाजूने भीमाशंकरला गेलात, म्हणजे मंचर, घोडेगाव, डिंभे करत, तर देवळापुढे एक मोठी घंटा दिसेल. चिमाजी अप्पांनी मे १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा घाटावर आल्या आणि देवळांतून बसल्या. वाईजवळच्या मेणवलीला एक आहे, भीमाशंकरची ही दुसरी. वसईत कोळी-सामवेदी माणसांना प्रार्थनेला बोलावण्यासाठी ओतलेली घंटा ज्योतिर्लिंगाच्या दारात भाविकांच्या हातांनी वाजते आहे. लढाईने आलेली घंटा आणि ओवी-अभंगाने आलेला ख्रिस्त, या दोन वाटा फार वेगळ्या. जुन्नरला एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरीही येऊन राहिले. त्याहून कितीतरी आधी, इसवी सन ५५०च्या सुमारास, कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. ते आपलं कल्याणच, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर नाणेघाटाच्या पायथ्याकडच्या बाजारात येशूचं नाव दीड हजार वर्षांपूर्वीच ऐकू येत होतं. तरी घाटावरच्या मराठी काळजात ते उतरायला तुकोबांची भाषा लागली.

बाप्तिस्मा घेतला आणि समाधान मिळालं, इतकं हे सोपं असतं असं मात्र कुणी समजू नये. याची सर्वांत प्रामाणिक साक्ष पुणे जिल्ह्यातच आहे, दौंड तालुक्यातल्या केडगावला. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दक्षिणेतल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. संस्कृत पुराणं सांगत देशभर पायी फिरलेली ही मुलगी; १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा गेला, कडेवर लेक मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. जीव निवला तो आठ वर्षांनंतर, १८९१च्या सुमारास. त्या आठ वर्षांत त्या स्वस्थ नव्हत्या: अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तकं लिहिली, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला आणलं. नाव होतं, कामही होतं. आत मात्र काहीतरी रिकामं होतं, आणि ते सांगायला त्या लाजल्या नाहीत. रमाबाईंचं हे सांगणं मला त्यांच्या सगळ्या पांडित्याहून मोठं वाटतं.

जीव निवल्यावर त्यांनी काय केलं? समाधानी माणूस हातपाय गाळून बसतो, असा एक समज आहे, आणि गरिबाला ‘आहे त्यात सुख मान’ असं सांगून गप्प करण्यासाठी देवाधर्माचा वापर झालाही आहे, ख्रिस्ती मंडळींतही झाला आहे. रमाबाईंकडे पाहिलं की तो समज टिकत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या, उपाशी मुलींना गोळा करून केडगावला घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये हजारावर बायका-मुली राहत होत्या. विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. साध्या बाईला कळेल असं बायबल मराठीत हवं म्हणून उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे जुळवणं, छापणं हे काम आश्रमातल्या बायकांनी केलं. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, सगळं काम जिच्यावर सोपवायचं ती. रमाबाई भाषांतर करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा ते काम पुरं झालेलं होतं.

टिळकांचीही वाट सोपी नव्हती. बाप्तिस्म्याने त्यांना घर मिळालं नाही, उलट मोडलं. लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू माहेरच्यांकडे, आणि हे एकटे नगरला. साडेचार-पाच वर्षं अशी गेली. मग लक्ष्मीबाई परत आल्या, पण स्वतःचं सोवळं घेऊन. जात देवाने केली की माणसाने, यावर त्या एकट्या बसून विचार करत राहिल्या, आणि ती माणसाचीच करणी आहे असं मनाने घेतल्यावर त्यांनी सोवळं टाकलं. कुणाच्या प्रवचनाने नव्हे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घरात अनाथ मुलं, विद्यार्थी, कवी येऊन राहत. बालकवी ठोंबरे त्यातलेच. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पानापानावर ओढगस्त आहे, आणि तरीही ते मराठीतलं सर्वांत प्रसन्न पुस्तक आहे असं मी म्हणेन. तक्रार आहे, कडवटपणा नाही. हे केवळ स्वभावाने येत नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून होतं. तिथे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती: बुवा उभे, मागे साथ, पूर्वरंग, उत्तररंग, आणि आख्यान येशूच्या दाखल्याचं. टिळकांनी त्या वाटेवर शेकडो अभंग आणि गीतं रचली. मराठी मंडळींच्या ‘उपासना संगीता’तून ती आजही दर रविवारी म्हटली जातात. इंग्रजी चालींवर ताणून बसवलेली जुनी भाषांतरित गीतं आणि टिळकांचा अभंग एकाच उपासनेत लागोपाठ ऐकले, तर फरक कानालाच कळतो. अभंग सुरू झाला की म्हाताऱ्या बायांचे हात आपोआप टाळ्यांवर येतात. ज्या घरी पीक बुडालं आहे, त्या घरीही उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली जाते. देणं कमी पडलं म्हणून देणारा गेला नाही, असं धरून चालणाऱ्या माणसांना ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि टिळकांची अस्वस्थता? ती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. ख्रिस्त आपला आहे, मग त्याची मंडळी अशी परकी, साहेबी का, हा सल त्यांना अखेरपर्यंत होता. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त तिथे एका कुटुंबासारखे असावेत, ही कल्पना. स्वतःसाठी काही नको असलेला माणूस देवाच्या घरासाठी किती हट्टी होऊ शकतो! दीड-दोन वर्षंच मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले.

ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली, ज्यांचं शुद्धलेखन शेवटपर्यंत डळमळीत राहिलं. घर चालवत, कीर्तनं करत, ‘स्मृतिचित्रे’ लिहीत त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला. त्याच्या तीनशेबावीस वर्षं आधी रायतूरला एका परदेशी पाद्र्याने जी कथा ओवीत घातली होती, ती आता जलालपूरच्या एका मराठी बाईने स्वतःच्या ओवीत सांगितली होती, आणि त्यासाठी तिच्याकडे कुणी मागणं करायला आलेलं नव्हतं.